एक ट्रम्पेट, सहा म्यूट

(काळा पडदा. ट्रम्पेटवर एक छोटीशी ओळ वाजते. चार सूर, शेवटचा लांबवलेला.)

ही ओळ कानात ठेवा. पुढच्या काही मिनिटांत ती पुन्हा पुन्हा ऐकायची आहे. वादक तोच, ट्रम्पेट तोच, खोलीही तीच. बदलणार आहे ती एकच गोष्ट : ट्रम्पेटच्या तोंडाशी काय लावलंय.

(दृश्य : टेबलावर सहा वस्तू. एक चकचकीत शंकू, एक वाटी बसवलेला शंकू, एक डबा, एक फुगीर भोपळ्यासारखा घाट, एक रबरी टोपी, आणि शेवटी एक लहानसा काळा बुचासारखा तुकडा.)

हे म्यूट. टीव्हीच्या रिमोटवरच्या बटणामुळे या शब्दाचा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलाय : आवाज बंद. पण या सहापैकी पाच वस्तू नुसता आवाज कमी करायला कुणी विकत घेत नाही. हळू वाजवायचं असेल तर बरा वादक म्यूटशिवायही हळूच वाजवतो.

एक कबुली आधीच देतो. हे ध्वनिमुद्रण आम्हाला दोनदा करावं लागलं. पहिल्यांदा फोनवर केलं. नंतर निवांत ऐकायला बसलो, तर सगळे म्यूट सारखेच मोठे! फोन बिचारा मदत करत होता. बारीक आवाज आला की उचलायचा, मोठा आला की दाबायचा. नेमका जो फरक पकडायचा होता, तोच त्याने इस्त्री करून टाकला होता. दुसऱ्यांदा नीट माइक आणला, ट्रम्पेटपासून एक मीटरवर ठेवला, पातळी एकदा लावली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. त्यामुळे मध्ये मध्ये आवाज अगदी बारीक होईल. तेव्हा तुमच्याकडून वाढवू नका.

(ध्वनी : उघडा ट्रम्पेट. तीच ओळ.)

हा उघडा. आता पहिला म्यूट.

(दृश्य : अगदी जवळून. वादक ट्रम्पेट उलटा करून त्याच्या तोंडात श्वास सोडतो, मग शंकू आत सरकवतो.)

हे पाहिलंत? ट्रम्पेटच्या या फुललेल्या तोंडाला बेल म्हणतात. साधारण बारा सेंटिमीटर रुंद. वादकाने तिच्यात एक गरम ‘हाऽऽ’ सोडला, आरशावर सोडतो तसा. धातूवर आतून वाफ धरली. मग म्यूट आत घालून हलकेच पाव वळसा दिला. म्यूटला कॉर्कच्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, त्या दमट धातूला घट्ट धरतात. हा एक श्वास विसरला, तर भर कार्यक्रमात म्यूट खाली पडतो, आणि ॲल्युमिनियमचा पोकळ शंकू नेमक्या शांत जागी जमिनीवर पडला की मागची रांगही मान वर करून बघते.

(ध्वनी : स्ट्रेट म्यूट. तीच ओळ.)

हा स्ट्रेट म्यूट. पोकळ शंकू, निमुळतं टोक उघडं, रुंद टोक बंद. आवाज बाहेर येतो तो कॉर्कच्या पट्ट्यांमधल्या चिंचोळ्या फटींतून. लहान झाला का? झाला थोडा. पण जास्त काय झालं, तर तो नाकात बोलायला लागला. धारदार, पातळ, पत्र्यासारखा.

त्याचं असं आहे. ट्रम्पेटचा कुठलाही एक सूर म्हणजे एकावर एक रचलेल्या सुरांची चळत असते. खाली मूळ सूर, वर त्याचे उपस्वर. या चिंचोळ्या फटीतून वरचे उपस्वर सहज निसटतात, खालचे मात्र बरेचसे आतच परततात. भारदस्तपणा आत राहतो, धार तेवढी बाहेर येते. म्हणूनच वादकाने जोर लावला की हा ‘मुका’ केलेला ट्रम्पेट अख्ख्या वाद्यवृंदाला चिरून पलीकडे जातो.

(ध्वनी : स्ट्रेट म्यूट, तीच ओळ, पूर्ण जोरात.)

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या कागदावर नुसतं ‘कॉन सोर्दिनो’, म्हणजे म्यूट लावून, असं लिहिलेलं असेल तर वादकाचा हात याच शंकूकडे जातो. फ्रेंच संगीतकार द्यब्युसीच्या ‘नॉक्टर्न’मधला ‘फेत’ हा भाग ऐका. 1899 साली पूर्ण झालेली रचना. मध्येच सगळं थबकतं आणि लांबून एक मिरवणूक येऊ लागते. ती येते तीन म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर. हळू वाजवलेला ट्रम्पेट जवळच असतो, फक्त हळू. म्यूट लावलेला दूर गेल्यासारखा वाटतो.

हाच शंकू ॲल्युमिनियमचा, लाकडाचा, दाबलेल्या फायबरचा, तांब्याच्या बुडाचा, असा नाना तऱ्हांनी मिळतो. वादकांच्या गप्पांत या विषयावर तासन्‌तास जातात. आम्ही ॲल्युमिनियम आणि फायबर एकापाठोपाठ एक वाजवून घेतले.

(ध्वनी : दोन्ही, आधी हळू, मग जोरात.)

प्रामाणिकपणे सांगायचं तर, हळू वाजवलेले दोन्ही मला ओळखता आले नाहीत. जोरात मात्र ॲल्युमिनियम लगेच करवादतो, फायबर जरा सबुरीने घेतो. जेवढी चर्चा होते तेवढा फरक निदान आमच्या माइकला सापडला नाही.

म्यूट सुरालाही हात लावतो. स्ट्रेट म्यूट घातला की सूर किंचित चढतो, म्हणून वादक ट्रम्पेटची सूर जुळवायची नळी जराशी बाहेर ओढतो. म्यूट काढला की परत आत. दुखणं जुनंच आहे, आणि पूर्वी तर फारच मोठं होतं. इटालियन संगीतकार मॉन्तेवेर्दीच्या ‘ऑर्फेओ’ या 1607 सालच्या ऑपेराची सुरुवात ट्रम्पेटच्या गजराने होते. म्यूट लावून वाजवायचं असेल तर हा गजर एक पूर्ण स्वर वर धरावा लागेल, अशी सूचना छापील प्रतीतच आहे. तेव्हाचे लाकडी म्यूट बेल घट्ट बंद करायचे, आवाज जायचा तो मधल्या भोकातून, आणि अख्खं वाद्यच वरच्या पट्टीत जायचं.

पुढचा.

(ध्वनी : कप म्यूट. तीच ओळ.)

कप म्यूट. तोच शंकू, फक्त टोकाला बेलकडे तोंड केलेली वाटी. फटीतून निसटलेली धार त्या वाटीत अडते आणि आवाज गोल होऊन येतो, दाराआडून कुणी बोलावं तसा. काही कपांची वाटी मागेपुढे सरकते. बेलच्या अगदी जवळ आणली की काय होतं ते ऐका.

(ध्वनी : वाटी जवळ आणून, तीच ओळ.)

बोटभर अंतराचा खेळ.

आणि हा बकेट.

(ध्वनी : बकेट म्यूट. तीच ओळ.)

आतमध्ये मऊ भरण असलेला डबा, बेलच्या कडेला चापांनी अडकवतात. स्ट्रेटच्या नेमका उलट. याने वरची धार शोषून घेतली आणि खालचा भरणा ठेवला. ट्रम्पेट ऐकतोय की आणखी कुठलं जाड वाद्य, असा क्षणभर संभ्रम पडतो. स्ट्रेट आणि बकेट मुद्दाम लागोपाठ ऐकवतो. आवाज दोघांनीही कमी केलाय.

(ध्वनी : स्ट्रेट. बकेट. स्ट्रेट. बकेट.)

आता ज्याच्यासाठी मी हा सगळा घाट घातला, तो.

(दृश्य : हार्मन म्यूट हातात. मधल्या भोकातून बाहेर आलेली बारीक नळी, तिच्या टोकाला छोटी वाटी.)

हार्मन. खरं तर हे कंपनीचं नाव, पण आता या घाटाच्या कुठल्याही म्यूटला वादक हार्मनच म्हणतात. इथे कॉर्कच्या तीन पट्ट्या नाहीत, सगळीकडून फिरलेलं एक अखंड कडं आहे. फट नाही. फुंकरीचा कण न्‌ कण या पोटातून जाऊन मधल्या भोकातूनच बाहेर पडणार. नळीच्या वाटीवर पंजा ठेवला, उचलला, ठेवला :

(ध्वनी : वा-वा, वा-वा.)

हे ऐकून हसू येतं. आता वादक ती नळी ओढून काढतोय. बस्स, एवढंच.

(ध्वनी : नळी काढलेला हार्मन. तीच ओळ, अगदी बारीक.)

ऐकू आलं? जेमतेम. हा माइक एक मीटरवर आहे. आता फक्त या एका म्यूटसाठी स्वतःचाच नियम मोडतो आणि माइक चार बोटांवर आणतो.

(ध्वनी : तीच ओळ, जवळून.)

हा तो आवाज. बारीक, थंड, आत कुठेतरी झणझणणारा, तंबोऱ्याच्या जवारीचा एखादा धागा सुटा करून घ्यावा तसा. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 1950च्या दशकात नळी काढलेला हार्मन माइकला जवळजवळ टेकवून वाजवला आणि तो आवाज त्याचाच होऊन बसला. माइकशिवाय मोठ्या सभागृहात तो मागच्या रांगेपर्यंत पोचणंच कठीण. म्हणजे इथे माइकही वाद्याचाच एक भाग झाला. त्याच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधलं ‘ऑल ब्लूज’ लावून बघा : सुरुवातीची धून तो हार्मनवर वाजवतो, आणि स्वतःच्या एकलवादनाला उघड्या ट्रम्पेटवर येतो. आमच्या सगळ्या खटाटोपापेक्षा ती तुलना सरस आहे.

एक गोष्ट ध्वनिमुद्रणात दिसत नाही. फुंकरीला वाट कमी असल्यामुळे हार्मन वादकाला मागे ढकलतो, आणि वादक नकळत जास्त जोर लावतो. म्हणजे म्यूट बदलला की वादकही थोडा बदलतो. ‘वादक तोच’ असं मी सुरुवातीला म्हणालो होतो, ते तितकंसं खरं नाही.

(दृश्य : रबरी प्लंजर, दांडा काढलेला.)

हसू नका, हा तोच. तुंबलेलं सिंक मोकळं करायचं रबर. दांडा काढून टाकतात आणि डाव्या हातात धरून बेलवर उघडझाप करतात. कागदावर खुणा असतात : अधिकचं चिन्ह म्हणजे बंद, शून्य म्हणजे उघडं.

तुम्हीही करून बघा. तोंडावर पंजा धरा, लांब ‘आ’ म्हणा आणि पंजा हळूहळू उघडा. ‘ऊ’चा ‘आ’ झाला की नाही? सूर तोच, स्वर बदलला. प्लंजर ट्रम्पेटला तोंड देतो.

(ध्वनी : प्लंजर. तीच ओळ, प्रत्येक सुरावर उघडझाप.)

ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात 1920च्या दशकात ट्रम्पेटवादक बबर मायलीने यात आणखी एक भर घातली. बेलमध्ये लहानसा स्ट्रेट म्यूट, त्यावर प्लंजर, आणि वाजवता वाजवता घशातून गुरगुर. ट्रम्पेट भांडू लागला, कुरकुरू लागला, विनवण्या करू लागला. 1929 साली मायली वाद्यवृंद सोडून गेल्यावर त्याच्या जागी कूटी विल्यम्स आला आणि त्यालाही हे गुरगुरणं शिकून घ्यावं लागलं. आमच्या वादकाने तीन प्रयत्न केले. तिसरा ऐकवतो, पहिले दोन त्याच्या विनंतीवरून वगळलेत.

(ध्वनी : गुरगुर, प्लंजरसह.)

राहिला तो काळा तुकडा. प्रॅक्टिस म्यूट. सहापैकी हा एकटाच खरोखर आवाज कमी करायला बनवलेला. शेजारी झोपलेत, उद्या कार्यक्रम आहे, अशा वेळी वापरायचा. यामाहाने 1995 साली यावर ‘सायलेंट ब्रास’ काढला. त्यात म्यूटच्या आतच माइक असतो आणि वादक आपलं वाजवणं कानाला हेडफोन लावून ऐकतो.

आमच्याकडचा साधा आहे. माइक पुन्हा एक मीटरवर, पातळी तीच.

(दृश्य : वादकाचे गाल, मानेच्या ताणलेल्या शिरा. तो पूर्ण जोर लावून वाजवतोय.)

(ध्वनी : खोलीची शांतता. पिस्टनची खटखट. ओठांपाशी घेतलेला श्वास. त्यामागे, खूप खाली, तीच ओळ.)