सगळं दिलं, चव नाही दिली

(दृश्य : बॉटलिंग प्लांट. धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून पुढे सरकतायत.)

१९७७ साल. दिल्लीत जनता पक्षाचं सरकार, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस. ‘फेरा’ म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याखाली परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. कोका-कोलाला सांगण्यात आलं, भारतीय भागीदार घ्या, तंत्रज्ञानही द्या. कंपनीने गाशा गुंडाळला, पण फॉर्म्युला दिला नाही.

मागे राहिले बॉटलर, म्हणजे कंपनीसाठी पेय बाटल्यांत भरून विकणारे इथले कारखानदार. बाटल्या धुण्याची यंत्रं त्यांची, ट्रक त्यांचे, कामगार त्यांचे, टपरीटपरीवर ओळख त्यांची. वर्षानुवर्षं कोक भरला तो यांनीच. तरी कंपनी गेल्यावर एक बाटली कोक काही त्यांना बनवता येईना. साखरेचा पाक, पाणी, गॅस हे सगळं प्लांटमध्ये व्हायचं. चव मात्र तयार कॉन्सन्ट्रेट म्हणून बंद डब्यातून यायची. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सने मग कॅम्पा कोला काढला, मुंबईच्या पारलेने थम्स अप. दोन्ही चालले. कोक मात्र कुणालाच जमला नाही.

केएफसी तर आणखी सावध. मसाल्याचा एक भाग एक पुरवठादार मिसळतो, उरलेला दुसरा. फ्रँचायझीवाल्याचं, म्हणजे कंपनीचं नाव घेऊन दुकान चालवणाऱ्याचं सोडाच, मसाला बनवणाऱ्यालाही पूर्ण कृती ठाऊक नाही.

(दृश्य : मुंबई उच्च न्यायालयाची इमारत.)

कृती अशी लपवता येते. पण कंपनी आणि बॉटलर किंवा फ्रँचायझीवाला यांच्यातला करार किती वाचवतो, आता ते बघू. १९९३ साली कोका-कोला भारतात परतली आणि तिने पारलेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. ही पेयं अहमदाबाद आणि राजकोटला भरायची गुजरात बॉटलिंग ही कंपनी. १९९५ मध्ये तिचे शेअर गेले पेप्सीच्या गोटात. म्हणजे आपला माल भरणारा प्लांट प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. बॉटलरचं म्हणणं असं, की दुसऱ्याचा माल भरू नका ही अट म्हणजे धंद्यावरच बंदी. करार कायद्याच्या कलम २७ खाली ती टिकत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. करार चालू आहे तोवर अट पाळावी लागेल, असा निकाल लागला.

खरी गोची करार संपल्यावर होते. जुन्या फ्रँचायझीवाल्याने त्याच गल्लीत दुसरी पाटी लावून तोच धंदा मांडला, तर कलम २७ सहसा त्याच्याच बाजूने उभं राहतं. कंपनीच्या हातात उरते गोपनीयतेची अट. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. तो करावा, असं विधी आयोगाने २०२४ च्या अहवालात सुचवलंय. म्हणून करारात ‘सर्व माहिती गोपनीय’ असं मोघम लिहून भागत नाही. कोणती माहिती, कुणाला दिली, परत कधी घ्यायची, हे लिहावं लागतं.

(दृश्य : वडापावचा स्टॉल. कात्रीने चटणीचं पाकीट कापलं जातंय.)

फ्रँचायझीच्या अशा स्टॉलवर चटणी कंपनीच्या मध्यवर्ती किचनमधून पाकिटात येते, त्यामुळे तिची कृती बऱ्यापैकी सुरक्षित असते. फुटतं ते वेगळंच. माल कुणाकडून, काय भावाने येतो. कुठल्या दुकानाचा गल्ला किती. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर. हे सगळं बिलिंगच्या मशीनमध्ये असतं, आणि पासवर्ड काउंटरमागच्या भिंतीवर, पेनाने लिहिलेला.

करार संपला की पाटी उतरवतात, मॅन्युअल परत मागतात. बिलिंगचं लॉगिन बंद करायचं राहून जातं. पुरवठादाराचे नवे दर ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात, त्यातही हा गडी पुढे कित्येक महिने असतोच.