बांधायला जायचं की लढायला?

नमस्कार श्रोतेहो.

नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला ट्यूलिपची शेतं आठवतात, पवनचक्क्या आठवतात, आणि हॉकीच्या मैदानावर आपण त्यांच्याकडून खाल्लेला मारही आठवतो. आज मात्र बोलायचंय ते तिथल्या संसदेत झालेल्या एका वादाबद्दल. २००६ साली या देशाची लोकसंख्या होती साधारण १ कोटी ६३ लाख. २००१ च्या जनगणनेत मुंबई आणि तिला लागून असलेली शहरं मिळून जेवढी माणसं मोजली गेली, जवळपास तेवढीच. एवढ्या देशापुढे प्रश्न आला की नाटो या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी आघाडीच्या मोहिमेत अफगाणिस्तानच्या दक्षिणेतल्या उरुझगान प्रांताची जबाबदारी घ्यायची का.

डच सैनिक अफगाणिस्तानात त्याआधीच होते. २००४ पासून उत्तरेतल्या बघलान प्रांतात त्यांचं एक छोटं प्रांतीय पुनर्बांधणी पथक काम करत होतं. ही पथकं म्हणजे सैनिक आणि मुलकी अधिकारी एकाच छावणीत. शाळा, विहिरी, पूल अशी कामं करायची आणि काबूलच्या सरकारचा हात तिथवर पोचवायचा. बघलान त्या मानाने शांत. उरुझगान म्हणजे डोंगराळ, गरीब, अफूची शेती असलेला मुलूख. तालिबानचा संस्थापक मुल्ला ओमर, त्याचं बालपण इथंच गेलं. तिथे जायचं तर शेकड्यांनी नाही, हजारांत माणसं न्यावी लागणार होती.

पंतप्रधान यान पीटर बाल्केनेंडे यांचं सरकार तीन पक्षांचं होतं, आणि त्यातला सगळ्यात छोटा पक्ष, डी-६६, या मोहिमेच्या विरोधात होता. २२ डिसेंबर २००५ ला मंत्रिमंडळाने संसदेला पत्र पाठवलं. त्यात निर्णय नव्हताच! साधारण बाराशे ते चौदाशे सैनिक पाठवण्याचा ‘मानस’ तेवढा कळवला होता. नाटोतल्या मित्रदेशांनी डोक्याला हात लावला असेल. आघाडी सरकारं आपणही पुष्कळ पाहिली आहेत, पण मानस कळवून मोकळं होण्याची ही युक्ती आपल्याकडे कुणाला सुचल्याचं मला आठवत नाही.

या चाचरण्यामागे एक जखम होती. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा हे संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेलं शहर डच सैनिकांच्या पहाऱ्यात होतं. त्यांच्याकडे हलकी शस्त्रं होती आणि मागितलेली हवाई मदत पुरेशी मिळाली नाही. सर्ब फौजांनी शहर घेतलं आणि सुमारे आठ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. त्यावरचा चौकशी अहवाल एप्रिल २००२ मध्ये आला आणि तेव्हाचे पंतप्रधान विम कोक यांच्या सरकारने त्यावरून राजीनामा दिला. दरम्यान राज्यघटनेत शंभरावं कलम बसलं होतं. परदेशात सैन्य पाठवायचं तर सरकारने संसदेला आधी माहिती द्यायची. कागदोपत्री संसदेला नकाराधिकार नाही, पण मोठ्या बहुमताशिवाय सैन्य पाठवायची हिंमत कुठलंही सरकार करत नाही. सोबत कसोट्यांची एक यादीही आली. कायदेशीर आधार काय, धोका किती, मुदत किती, खर्च किती, गोळी कधी झाडायची.

म्हणून २००६ च्या जानेवारीत हेगमध्ये, म्हणजे डच संसदेच्या गावी, जे प्रश्न विचारले गेले ते असे: पकडलेल्या कैद्यांचं काय होणार, ते अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात तर जाणार नाहीत ना? अमेरिकेच्या दहशतवादविरोधी मोहिमेपासून आपली माणसं वेगळी राहतील ना? आणि खरं सांगा, ही बांधणीची मोहीम आहे की लढाईची? संरक्षणमंत्री हेंक काम्प धोका लपवत नव्हते, तरी सरकारचा भर बांधणीवरच होता. दोन फेब्रुवारीला संसदेत चर्चा झाली. विरोधी बाकांवरच्या मजूर पक्षाने पाठिंबा दिला आणि मोठ्या बहुमताने मोहीम मार्गी लागली. दुसऱ्याच दिवशी डी-६६ चे संसदेतले नेते बोरिस डिट्रिख यांनी पद सोडलं. विरोधही नीट करता आला नाही, सरकारही पाडता आलं नाही. सगळ्यात वाईट जागा त्यांच्या वाट्याला आली.

ऑगस्ट २००६ पासून डच सैनिकांनी तरीन कोट आणि देह रावुदच्या तळांवरून काम सुरू केलं, सोबतीला ऑस्ट्रेलियाचे सैनिक होते. बांधणीच्या या मोहिमेबरोबर १५५ मिलिमीटरच्या तोफा होत्या, अपाची हेलिकॉप्टरं होती, कंदाहारला एफ-१६ विमानं होती. यात मला ढोंग दिसत नाही. स्रेब्रेनित्साला रिकाम्या हातांनी गेलेला देश पुन्हा तसा जाणार नव्हता. पण तोफ नेली की ती चालते. जून २००७ मध्ये तालिबानने उरुझगानमधल्या चोरा खोऱ्यावर मोठा हल्ला केला. डच कमांडरने माघार न घेता लढायचं ठरवलं आणि खोरं हातात राहिलं, पण कित्येक सामान्य गावकरी मेले. त्या लढाईत डचांनी एका वस्तीवर टाकलेले बॉम्ब बेकायदा होते, असा निकाल हेगच्या जिल्हा न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. पंधरा वर्षांनी!

या सगळ्या चर्चेत उरुझगान फार कमी होतं, असं मला वाटतं. कैद्यांचे नियम, मुदत, खर्च हे आवश्यक प्रश्न होते, पण ते सगळे डच प्रश्न. उरुझगानच्या माणसाचा प्रश्न वेगळा होता: इथं राज्य कुणाचं? राज्य होतं प्रांताचे राज्यपाल जान मोहम्मद खान यांचं. राष्ट्राध्यक्ष करझाईंचे ते जुने दोस्त. त्यांच्या जाचाने इतर टोळ्यांची माणसं तालिबानकडे ढकलली जात होती. डच सरकारने मात्र हे ओळखलं होतं. त्यांना हलवा, असा आग्रह त्यांनी धरला आणि मार्च २००६ मध्ये करझाईंनी राज्यपाल बदलला. झालं काय? जान मोहम्मद काबूलला गेले आणि इकडे त्यांचे पुतणे मतीउल्ला खान मोठे होत गेले. काका-पुतण्यांचं राजकारण मराठी श्रोत्यांना समजावून सांगायला नको. कंदाहारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालाच्या ताफ्यांना मतीउल्लांची माणसं संरक्षण देत आणि पैसा त्यांच्याकडे येई. डच त्यांच्यापासून अंतर राखून होते, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिक त्यांच्याबरोबर काम करत होते. डच गेले आणि पुढच्याच वर्षी मतीउल्ला प्रांताचे पोलीसप्रमुख झाले.

डच गेले ते कसे, तेही ऐकण्यासारखं आहे. २००७ च्या अखेरीस मुदत एकदा वाढवली होती आणि २०१० नंतर नाही, असा शब्द दिला होता. एप्रिल २००८ मध्ये पेटर फान उम सरसेनापती झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा लेफ्टनंट मुलगा उरुझगानमध्ये रस्त्यावरच्या बॉम्बने मारला गेला. मोहिमेची किंमत घरोघर कळायला आणखी काही लागलं नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये नाटोने पुन्हा विचारलं. आता सरकारात असलेले मजूर पक्षाचे वाउटर बोस म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. रात्रभर बैठक चालली आणि २० तारखेच्या पहाटे सरकार पडलं. अफगाणिस्तानातल्या मोहिमेवरून पडलेलं हे नाटोतलं पहिलं सरकार, असं तेव्हा म्हटलं गेलं. १ ऑगस्टला डच सैन्याने उरुझगान सोडलं.

आणि तरीही सहा महिन्यांत हेगमध्ये तोच वाद परत सुरू! नवे पंतप्रधान मार्क रुट्टे यांचं अल्पमतातलं सरकार उत्तरेत, कुंदुझला, पोलिसांना प्रशिक्षण द्यायला ५४५ माणसं पाठवू पाहत होतं. सरकारला बाहेरून टेकू देणाऱ्या पक्षाचाच विरोध, त्यामुळे मतं मागायला विरोधकांकडे जावं लागलं. ग्रीनलेफ्ट या पर्यावरणवादी डाव्या पक्षाने ती दिली, पण एका अटीवर: डचांनी शिकवलेल्या अफगाण पोलिसाला लष्करी चढाईसाठी वापरायचं नाही. आता कुंदुझमध्ये, चौकीवर तालिबान चालून आले तर त्या शिपायाने काय करावं? स्वतःचा बचाव करायला हरकत नव्हती म्हणे. चढाई कुठे संपते आणि बचाव कुठे सुरू होतो, यावर संसदेत तास न् तास खल झाला. शिपायाला अर्थात कुणी विचारलं नाही.