मीठ, मूळ आणि तुडतुडे: खाजनातील एक हंगाम

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातील दिवाडी बेटावरील खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत उतरले, तर समोर दिसते ती शेतजमीन आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. माती भेगाळलेली असते, भेगांच्या कडांवर मिठाची पांढरी खपली धरलेली असते आणि बांधापलीकडे मांडवीला भरती आली की नदीचे पाणी या जमिनीपेक्षा वर चढलेले असते. त्या पाण्याला अडवून धरतो तो मातीचा, जांभ्या दगडाचा बांध. बांधात बसवलेल्या मानशीची, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची, लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे आणि तिची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या गावकरी संस्थांनी, म्हणजेच पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हटले गेले त्यांनी, केली.

जूनचा पाऊस सुरू झाला तरी येथे लावणीची घाई कोणी करत नाही. शेतकरी वाफ्यात साचलेले पाणी ओंजळीत घेतो, जिभेला लावतो आणि थुंकून टाकतो. चव अजून खारट असेल, तर ते पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर सोडून द्यायचे आणि पुढच्या सरींची वाट पाहायची. ही परीक्षा मोजमापाच्या भाषेतही मांडता येते. मातीच्या अर्काची, मिठाबरोबर वाढणारी विद्युतवाहकता 3 डेसिसीमेन प्रतिमीटरच्या पुढे गेली की सर्वसाधारण भाताचे उत्पादन घटू लागते आणि त्यापुढच्या प्रत्येक डेसिसीमेनमागे सुमारे 12 टक्के घट येते. बी रुजताना भात खारेपणा बऱ्यापैकी सोसतो. तरवा कोवळा असताना आणि पुढे फुलोऱ्याच्या वेळी मात्र तो फार नाजूक असतो. जिभेने घेतलेला निर्णय नेमका या नाजूक टप्प्यासाठी असतो.

मीठ रोपाला दोन बाजूंनी गाठते. आधी ते मुळाशी पाणी असूनही रोपाला तहानलेले ठेवते, कारण खारट पाणी मुळात ओढून घेणे रोपाला जड जाते. मग हळूहळू सोडियम आत शिरून पोटॅशियमची जागा बळकावतो आणि जुनी पाने टोकाकडून करपू लागतात. अशा वेळी रोप इथिलीन हा वायुरूप संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करते. थोडे इथिलीन सावधगिरीचा इशारा म्हणून उपयोगी असते, पण ते वाढत गेले की मुळांची वाढच खुंटते, आणि जेव्हा मुळे सर्वाधिक लागतात तेव्हाच ती थांबतात.

या ठिकाणी मातीतील जिवाणू मधे पडतात. इथिलीन ज्या द्रव्यापासून बनते, त्या एसीसीचा काही अंश मुळांतून बाहेर पाझरतो. मुळांभोवती राहणाऱ्या काही जिवाणूंकडे ते द्रव्य फोडणारे विकर असते. ते त्यातून अमोनिया मिळवतात, आपला नत्राचा घास भागवतात आणि त्यांच्या नकळत रोपातील इथिलीनची पातळी खाली येते. यातला कोणीही कोणावर उपकार करत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. जिवाणू आपले पोट भरतात, मूळ वाढत राहते, वाढत्या मुळातून साखर आणि आम्ले पाझरत राहतात, आणि त्यावर आणखी जिवाणू पोसले जातात. काही जिवाणू स्वतःभोवती चिकट शर्करेचे आवरण तयार करतात व त्यात सोडियमचे कण अडकून पडतात, त्यामुळे मुळापर्यंत पोहोचणारे मीठ थोडे कमी होते.

मुळांत राहून रोपाला मातीतील अन्नद्रव्ये मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे नाव अशा संदर्भात हमखास घेतले जाते, आणि गोवा विद्यापीठात या बुरशीवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. परंतु ही बुरशी प्राणवायूवर जगते. पाणी तुंबलेल्या वाफ्यात तिचा वावर घटतो, बांधावरच्या गवताच्या मुळांत ती सुखाने नांदते. म्हणून भरल्या खाजनातील भाताच्या सगळ्या सहनशक्तीचे श्रेय तिला देणे घाईचे ठरेल.

लावणीनंतर महिन्याभराने एक रोप अलगद उपटून, मुळे पाण्यात खळबळून पाहिली, तर त्यांच्यावर गंजासारखा तांबूस-नारिंगी थर दिसतो. बोटाने घासला तरी तो सहजी निघत नाही. भाताच्या देठात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्या वाटेने खाली उतरतो आणि मुळांच्या सालीतून चिखलात झिरपतो. गुदमरलेल्या चिखलात विरघळलेले लोह त्या प्राणवायूला भेटताच घट्ट होऊन मुळावर बसते. जांभ्याच्या या प्रदेशात लोहाला तोटा नाही. मुळाभोवतीच्या जेमतेम काही मिलिमीटरच्या कड्यात प्राणवायू घेणारे जिवाणू राहतात आणि त्यापलीकडच्या काळ्या चिखलात प्राणवायूविना जगणारे. एका रोपाच्या मुळाशी अशा दोन वस्त्या शेजारी-शेजारी असतात.

जमिनीखालचा हा व्यवहार रोपावर बसलेल्या किड्यापर्यंत पोहोचतो. तपकिरी तुडतुडा हा अवघ्या तीन-चार मिलिमीटरचा कीटक भाताच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, दाटीने बसतो आणि सोंड खुपसून रस ओढतो. शेतात अधूनमधून वर्तुळाकार पट्टे वाळून तपकिरी पडतात ते त्याचेच काम. भाताच्या रसात साखर मुबलक असते, नत्र मात्र तुटपुंजे. ही उणीव तो एकटा भरून काढू शकत नाही. त्याच्या शरीरातील मेदपेशींत यीस्टसारखे सूक्ष्मजीव पिढीजात राहतात, ते त्याच्या टाकाऊ युरिक आम्लातील नत्र पुन्हा वापरात आणतात आणि त्याला लागणारे स्टेरॉल हे मेदवर्गीय द्रव्यही पुरवतात. म्हणजे भाताच्या बाजूने मुळाशी जिवाणू उभे आहेत आणि तुडतुड्याच्या बाजूने त्याच्या पोटातले हे भाडेकरू.

ताणाखाली असलेल्या रोपाच्या रसात मुक्त अमिनो आम्ले वाढतात, म्हणून रस शोषणाऱ्या किडींचे फावते, असे मत पूर्वीपासून मांडले जाते. प्रत्यक्षात ते सरसकट लागू पडत नाही. पाण्याचा ताण सतत राहिला, तर रोपातील रसाचा दाबच उतरतो आणि किडीलाही उपासमार घडते. ताण येऊन-जाऊन राहिला, मधे पाऊस पडून रोप सावरत गेले, तर मात्र किडीची चंगळ होते. मिठाचा ताण आणखी एक अडचण उभी करतो. खारेपणाशी आणि तहानेशी लढताना रोपात ॲब्सिसिक आम्ल या ताणाच्या संप्रेरकाचा अंमल वाढतो आणि किडींविरुद्धचे काही संरक्षणमार्ग त्यामुळे मागे पडू शकतात. मुळाशी असलेले काही स्युडोमोनास जिवाणू याच्या उलट काम करतात: ते रोपाला आधीच सावध करून ठेवतात, त्यामुळे किडीचा पहिला डंख बसताच प्रतिकार लवकर उभा राहतो.

तुडतुड्याने रस शोषलेल्या भातातून वेगळ्याच गंधाचे वायू बाहेर पडतात. आपल्या नाकाला त्यातले काही कळत नाही. एक मिलिमीटरहूनही लहान असलेली ॲनाग्रस जातीची गांधीलमाशी मात्र त्या गंधाचा माग काढत येते, पानाच्या आवरणात तुडतुड्याने लपवलेली अंडी शोधते आणि त्यांच्यात स्वतःची अंडी घालते. शिवाय पाण्यावर फिरणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारे हिरवे ढेकूण असतातच. नत्राचा मोठा हप्ता एकदम टाकलेले शेत गर्द हिरवे दिसते, तुडतुड्याची वीण त्यात झपाट्याने वाढते आणि मग फवारणी होते. त्या फवारणीत कोळी, ढेकूण व गांधीलमाश्या आधी मरतात. पानाच्या आत सुरक्षित राहिलेली तुडतुड्याची अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लांना विचारणारे कोणी उरलेले नसते. दुसरी फवारणी बहुधा त्यानंतरच ठरते.

कोरगूट हा खाजनातील जुना भात या गणितात वेगळा बसतो. उंच वाढणारा, कुसळ असलेला, खारेपणा आणि काही दिवसांची बुड सोसणारा हा वाण उत्पादनात कमी आणि पावसात लोळणारा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ हे वाण दिले. भात मातीतून सिलिकाही भरपूर उचलतो. तो पानांच्या पेशींत बसून खोडकिड्याच्या अळीचे जबडे झिजवतो आणि मुळात सोडियम शिरण्याची एक आडवाटही अरुंद करतो. एकच द्रव्य मिठालाही आणि किडीलाही अडवते.

बांधाला भगदाड पडले, किंवा कोळंबीसाठी मानशीचे दार नको त्या वेळी उघडे ठेवले, की हे सगळे वेळापत्रक मोडते. समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट येते. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्यांना बाजूला सारतात, चिखल काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास असतो आणि भाताच्या मुळांना हा वायू विषारी आहे. वर्षानुवर्षे असे साठलेले लोहाचे सल्फाइड पुढे कोरडे पडले, तर त्याचे गंधकाम्ल होते. अशी पडीक खाजने चोडणपासून कुंभारजुव्यापर्यंत पाहायला मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी खारफुटीने त्यांच्यावर आपला हक्क सांगितलेला आहे.

जेथे बांध शाबूत आहे, तेथे मात्र कापणीनंतर खारे पाणी हेतुपुरस्सर आत घेतले जाते. ते पाणी भाताचे तण मारते, त्याबरोबर कोळंबी आणि मासे येतात, बुडालेली खुंटे चिखलात कुजू लागतात आणि त्यांच्यावर पुन्हा जिवाणूंची पंगत बसते. जानेवारीतल्या एका सकाळी, ओहोटी लागून पाणी मानशीकडे धाव घेत असताना, दारासमोर जाळे लावले जाते. उघड्या पडलेल्या चिखलातून बुडबुडे वर येत असतात आणि बगळे त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता खुंटांमधले मासे टिपत असतात.