वेळ टळली म्हणून गोळी टाळू नये

मित्रहो, आज समोर एआरटी म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार देणाऱ्या केंद्रांतले समुपदेशक आहेत, आशाताई आहेत आणि स्वतः रोज औषध घेणारी मंडळीही आहेत. म्हणून केंद्रातल्या टेबलापाशी सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्नच मी हाती घेतो: ‘डॉक्टर, रात्री नऊची गोळी साडेदहाला आठवली, तर घ्यायची की सोडायची?’ घ्यायची, हे त्याचे सरळ उत्तर आहे. तास-दीड तास उशीर झाल्याने जे बिघडत नाही, ते ‘आता वेळ गेली, उद्याच घेऊ’ असे म्हणून गोळी सोडल्याने बिघडू लागते, आणि ही भीती रुग्णांच्या मनात बऱ्याचदा आपणच घातलेली असते.

ती का घातली गेली, हेही समजून घ्यायला हवे. १ एप्रिल २००४ रोजी आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही औषधे दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागत. पुढे इफाविरेंझ असलेली एकच गोळी आली. तिने चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत, म्हणून ती झोपताना घ्यायची आणि तेलकट जेवणावर घ्यायची नाही, असा नियम होता. त्या काळात घड्याळ काटेकोर पाळायला सांगणे योग्यच होते. आज बहुतेक रुग्ण घेतात ती गोळी टीएलडी: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. औषध बदलले, पण आपल्या तोंडची वाक्ये मात्र जुनीच राहिली.

डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण १४ तास लागतात आणि टेनोफोविरचे कार्यरत रूप पेशींच्या आत कित्येक दिवस टिकते. त्यामुळे एखाद-दुसऱ्या तासाने विषाणूला संधी मिळत नाही. ती मिळते सलग खंड पडल्यावर. औषधाची पातळी खाली गेलेली असते, पण पूर्ण संपलेली नसते. अशा वेळी विषाणू वाढू लागला, तर त्या औषधाला न जुमानणारे विषाणूच मागे उरतात. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत तर त्यासाठी विषाणूतला एकच बदल पुरतो. डोल्युटेग्राविर या बाबतीत बरेच खंबीर आहे, तरी त्याच्या खंबीरपणावर विसंबून सुट्या घेणे धोक्याचे आहे. ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे, त्यांनी गोळी अचानक बंद केली तर यकृताची सूज उफाळून येऊ शकते, हे तर त्यांना स्वतंत्रपणे बसवून सांगायला हवे.

आता चुकलेल्या डोसचा हिशोब पाहू. नेहमीची वेळ रात्री नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आठवले, तर लगेच घ्यावी आणि त्या रात्रीची नेहमीप्रमाणे नऊलाच घ्यावी. पण संध्याकाळी सहाला आठवले, तर पुढच्या डोसला तीनच तास उरलेले असतात; डोल्युटेग्राविरच्या माहितीपत्रकानुसार चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर चुकलेला डोस सोडून द्यावा आणि नऊची एकच गोळी घ्यावी. भरपाई म्हणून एका वेळी दोन गोळ्या कधीही घेऊ नयेत. वेगळ्या औषधांवर असलेल्यांनी मात्र आपल्या केंद्रातच विचारावे.

घड्याळाकडे एवढे लक्ष देताना ज्या गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते, ती म्हणजे सोबतच्या इतर गोळ्या. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम हे धातू पोटात डोल्युटेग्राविरला बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरतच नाही. रुग्णाने एकही दिवस चुकवलेला नसतो, गोळ्यांची मोजणी बरोबर येते, आणि तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, वाढलेला दिसतो. जळजळते म्हणून वरचेवर घेतलेले ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पातळ औषध याला कारणीभूत ठरू शकते. टीएलडी अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. ॲसिडिटीवरच्या पँटोप्राझोलसारख्या गोळीचा डोल्युटेग्राविरला अडथळा होत नाही. लोह आणि कॅल्शियमलाही हेच अंतर लागू आहे. मात्र त्या गोळ्या टीएलडीसोबत पोटभर जेवणावर घेतल्या तर चालते. घरी लोहभस्म किंवा शंखभस्म चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण त्यातही लोह आणि कॅल्शियमच असते.

गरोदर बाईचे वेळापत्रक इथे मांडून दाखवतो, कारण तिला लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतात आणि ती दोन्ही एकत्र घ्यायची नसतात. सकाळी सहाला टीएलडी पाण्याबरोबर. साडेआठला न्याहारीनंतर कॅल्शियम. दुपारी लोहाची गोळी. रात्री साडेआठला जेवणानंतर दुसरे कॅल्शियम. दुसऱ्या दिवशी सहापर्यंत साडेनऊ तास मोकळे मिळतात. आशाताईंनी हे कागदावर लिहून, बाईला वाचता येत नसेल तर गोळ्यांचे रंग दाखवून, समजावले पाहिजे. सकाळच्या दुधाच्या चहाला घाबरायचे कारण नाही.

क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर हिशोब बदलतो. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे यकृत डोल्युटेग्राविर वेगाने बाहेर टाकते, म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी द्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबी बरा झाल्याच्या आनंदात ही जादा गोळी त्याच दिवशी बंद केली जाण्याचा धोका असतो; ती तारीख कार्डावर लिहून द्यावी.

मग वेळ कोणती ठरवावी? जी त्या माणसाच्या दिवसात बसते, ती. टीएलडी उपाशीपोटी चालते, जेवणानंतरही चालते. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी. एकत्र कुटुंबातल्या सुनेला रात्री नऊला स्वयंपाकघरात चार माणसांसमोर डबी उघडता येत नसेल, तर नऊचा आग्रह धरणे म्हणजे तिचा डोस बुडवणे आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तिची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण घरात तो हक्क टिकवायला तिला आंघोळीआधीची पाच मिनिटे अधिक उपयोगी पडतात. एकादशी असो वा रोजा, रोजची गोळी उपवास सुटतानाच्या किंवा सहरीच्या वेळी घेता येते. त्यासाठी ती थांबवण्याची गरज नाही.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांविषयी. टोळी पहाटेच फडात उतरते आणि गाडी भरण्याची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे घड्याळाचा गजर तिथे निरुपयोगी ठरतो. त्यांची गोळी भाकरीशी जोडावी: दिवसातली जी भाकरी हमखास खाल्ली जाते, त्या वेळी गोळी. प्रकृती स्थिर असेल तर एकापेक्षा जास्त महिन्यांची औषधे देता येतात, आणि मुक्काम लांबणार असेल तर कारखान्याजवळच्या केंद्राच्या नावे पत्र देता येते. गावाहून टोळी निघण्याच्या पंधरा दिवस आधी समुपदेशकाने अशा प्रत्येकाला बोलावून औषधे मोजून द्यावीत, आणि नव्या केंद्राचा पत्ता त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावा.