लिंबावरचा खैऱ्या, पाऊस यायच्या आत

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते परसातल्या लिंबाबद्दल, आपल्या कागदी लिंबाबद्दल. एखादं पान तोडा आणि उजेडाकडे धरून बघा. तपकिरी ठिपके आहेत आणि प्रत्येकाभोवती पिवळं कडं आहे असं दिसलं तर त्यावरून बोट फिरवा, ठिपका वर उचललेला असतो, पानाच्या दोन्ही बाजूंनी हाताला लागतो, अगदी काचपेपरसारखा खरखरीत. हाच खैऱ्या, कँकर म्हणतात तो. पानावर नुसती चांदीसारखी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी, आणि बुंध्यातून डिंक गळत असेल तर तो डिंक्या, त्याचा इलाज वेगळा.

खैऱ्याला बरेच जण बुरशी समजतात आणि दुकानातून बुरशीचं मिळेल ते औषध आणून मारतात, पैसे जातात आणि रोग तिथंच राहतो, कारण हा जिवाणूचा रोग आहे, झँथोमोनास नावाच्या, आणि त्यावर घरच्या घरी लागू पडतं ते तांब्याचं औषध. कागदी लिंबावर हा जास्त येतो, मोसंबीवर कमी, संत्र्यावर त्याहून कमी.

माझ्याकडे तो आला नर्सरीतून आणलेल्या रोपाबरोबर. कोवळ्या खोडावर दोन-तीन खरखरीत ठिपके होते, मला वाटलं ऊन लागलं असेल, लावून टाकलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात शेजारचं वडिलांनी लावलेलं जुनं झाड ठिपक्यांनी भरून गेलं. फार जिवाला लागलं ते. म्हणून सांगतो, रोप घेताना पान, फांदी, काटे, सगळं नीट बघून घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात खैऱ्याला त्यातल्या त्यात बरी तोंड देते.

आता हा पसरतो कसा? ठिपका भिजला की त्यातून जिवाणू बाहेर येतात, पावसाचा थेंब त्यावर आपटतो, वारा ते शिंतोडे कोवळ्या नवतीवर, म्हणजे नव्या फुटीवर, नेऊन टाकतो. पान काट्याने फाटलेलं असेल किंवा नागअळीने पोखरलेलं असेल तर आत शिरायला वाट तयारच. म्हणून ओल्या झाडाला हात लावायचा नाही, ना लिंबं तोडायला ना छाटायला, आणि पाणी बुंध्याशी द्यायचं, पाइपने पानांवर मारायचं नाही.

छाटणी मे महिन्यात, कोरड्या दिवशी करा. रोगट फांदी ठिपक्यांच्या खाली, चांगल्या लाकडात कापा, कात्री दर कापाला स्पिरिटने पुसा, कंटाळा येतो पण पुसाच. खाली पडलेला पालासुद्धा गोळा करून जाळा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. मग बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारायचं मिश्रण, हेच ते तांब्याचं औषध. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात, बादल्या प्लास्टिकच्याच, धातूच्या नकोत, आणि चुना विरला, गार झाला की फडक्यातून गाळून घ्या. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत लाकडी काठीने ढवळा. त्यात घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर अजून थोडी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं करपतात. हे त्याच दिवशी संपवायचं. नाकाला फडकं आणि हातात मोजे हवेतच. मोठ्या कापावर लावायला हीच दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे बोर्डो पेस्ट.

एवढी खटपट जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, तेही तांब्याचंच, लिटरभर पाण्याला तीन ग्रॅम. पहिली फवारणी छाटणीनंतर लगेच, मग पावसाळ्यात साधारण महिन्याने, उघडीप बघून. नवती फुटायला लागली की नागअळीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क मारा, पण बोर्डोत मिसळून नाही, वेगळ्या दिवशी. अँटिबायोटिकची पावडर कुणी सुचवेल, ती परसात अजिबात नको, माणसांच्या उपयोगाची औषधं आहेत ती.

आणि डाग पडलेली लिंबं फेकू नका हो. डाग सालीपुरताच असतो, फळ तडकलेलं नसलं तर रस चांगला असतो, सरबताला खुशाल वापरा, फक्त पिळलेल्या साली झाडाखाली टाकू नका.