ऑटोपायलट सुटल्यावर
(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, चिपीला, आपल्या सिंधुदुर्गाच्या विमानतळावर, विमान उतरलं की कुणीतरी म्हणतंच, "हल्ली सगळं कॉम्प्युटरच करता." मोठ्या जेटपुरतं ते बरंचसं खरं आहे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लावतात, तो काढतात धावपट्टी समोर आल्यावर. मधले तास मात्र वैमानिकाच्या लॉगबुकात 'अनुभव' म्हणून जमा होतात. माझी तक्रार आहे ती या हिशेबाबद्दल.

एअर फ्रान्सचं ४४७ आठवा. १ जून २००९, रिओहून पॅरिसकडे, एअरबस ए३३०, आत २२८ माणसं. कॅप्टन विश्रांतीला गेलेले, पुढे दोघे सहवैमानिक. अटलांटिकवर ३५ हजार फुटांवर पिटो नळ्यांत, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळ्यांत, बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. विमान धडधाकट होतं! नाक आणि इंजिनांचा जोर होता तसा ठेवला असता, तरी पुरलं असतं. त्यातल्या एकानं नाक वर ओढलं. विमान ३८ हजारांच्या आसपास चढलं, वेग गमावला, पंखांची उचल गेली. आकडे साधारण मिनिटाभरात पुन्हा नीट दिसू लागले होते. धोक्याची सूचना ओरडत होती, कॅप्टन धावत परत आले, तरी वेग परत मिळवायला हवं तेवढं नाक खाली घेतलं गेलं नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. एवढ्या उंचीवर, वेगाचे आकडे भरवशाचे नसताना हातानं विमान सांभाळायचं प्रशिक्षण त्या दोघा सहवैमानिकांना मिळालेलंच नव्हतं, असं चौकशी अहवाल सांगतो. हे वाचून मला आजही संताप येतो. त्या पोरांचा नाही, त्यांना तिथे तसं बसवणाऱ्या व्यवस्थेचा.

इथे बसलेल्या तांडेलांना हे वेगळं सांगायला नको. जीपीएस बंद पडला तर डोंगराची खूण धरून बंदर गाठणारा माणूस तुम्ही ट्रॉलरवर ठेवताच.

जाता जाता, चिपीला येणाऱ्या एटीआरमध्ये, त्या छोट्या पंख्याच्या विमानात, ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नसतो. जोर हातानंच कमीजास्त करायचा. तिथले वैमानिक मला म्हणून जास्त तयार वाटतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को, एशियानाचं बोइंग ७७७. हवा स्वच्छ. ऑटोथ्रॉटल वेग राखतोय असा समज, तो राखत नव्हता. उतरवणाऱ्याकडे साडेनऊ हजारांहून जास्त तास, त्यातले ७७७ वर पन्नासही नाहीत. विमान आदळलं, तिघे गेले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या एफएएनं, तिथल्या विमान वाहतूक नियामकानं, कंपन्यांना कळवलं होतं, वैमानिकांना हातानं उडवू द्या.

ऑटोपायलट काढून टाका असं मी म्हणत नाही, त्यानं असंख्य जीव वाचवलेत. शिवाय २९ ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानांत उभं अंतर हजार फुटांचंच, तिथे उंची राखायला स्वयंचलित यंत्रणा लागतेच. म्हणजे वरचा सराव सिम्युलेटरमध्येच हवा, आणि खाली, हवा चांगली असेल तेव्हा, खऱ्या विमानात. डीजीसीएनं, आपल्या विमान वाहतूक नियामकानं, लॉगबुकात हातानं उडवलेल्या वेळेचा वेगळा रकाना सक्तीचा करावा आणि बढतीच्या वेळी आधी तोच बघावा. बास, एवढीच मागणी. आता प्रश्न विचारा.