आधी धुराची वाट, मग चूल

गोव्यातील फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांतील अनेक घरांत गॅसची शेगडी येऊन कित्येक वर्षे झाली, तरी मागीलदारची चूल विझलेली नाही. न्हाणीतल्या भाणात (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यात) आंघोळीचे पाणी तिच्यावर तापते, चवथीला (गणेश चतुर्थीला) घर माणसांनी भरले की मोठी भांडी तिच्यावर चढतात, आणि कुळागरातली (माड-पोफळीच्या बागेतली) चुडते म्हणजे वाळलेल्या झावळ्या, सोडणे म्हणजे नारळाच्या साली, आणि करवंट्याही तिथेच कामी येतात. जुने घर दुरुस्त करताना ही चूल मोडून टाकण्याऐवजी काही कुटुंबे बंद तोंडाची, धुराड्याची नवी चूल बसवून घेतात. निर्णय चांगला आहे. मात्र तिचा विचार बहुतेकदा ओट्यापासून सुरू होतो, आणि तो छपरापासून सुरू व्हायला हवा.

चूल पेटते ती धुराड्याच्या ओढीवर. नळीतली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि आपल्यामागून चुलीत ताजी हवा ओढून घेते. नळी जितकी सरळ, उंच आणि आतून उबदार, तितकी ही ओढ चांगली. नळी भिंतीतून आडवी काढली की ओढ मंदावते आणि वळणात काजळी साचते. म्हणून जागा ठरवताना मान वर करून पाहावे: कोणत्या दोन वाशांमधून नळी सरळ बाहेर जाईल, आढे, म्हणजे छपराचा सर्वांत उंच कणा, किती अंतरावर आहे, वर माडाची झावळ किंवा विजेची तार येते का.

उंचीचा एक साधा नियम अनेक ठिकाणी वापरला जातो. नळी कौलांतून जिथे बाहेर पडते, तिथून ती किमान ३ फूट वर असावी, आणि तिच्यापासून १० फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्यापेक्षा किमान २ फूट उंच असावी. आपल्याकडे याला विशेष अर्थ आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा आढ्यावरून उसळून पलीकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, खाली दाबतो. त्या पाख्यावरची बुटकी नळी धूर बाहेर टाकण्याऐवजी स्वयंपाकघरात परत ढकलते. नळीवर पावसासाठी टोपी हवीच, पण ती धुराला अडवील इतकी खाली नको.

आता सर्वांत नाजूक जागेकडे येऊ. मंगळुरी कौलांखाली रिपा आणि वासे असतात, म्हणजे अनेक वर्षे वाळलेले लाकूड. तापलेल्या नळीजवळचे लाकूड लगेच पेटत नाही, आणि धोका नेमका यातच आहे. ते रोज थोडे थोडे तापते, हळूहळू कोळशासारखे होत जाते, आणि असे लाकूड पुढे पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकते. दोन-चार वर्षे काही झाले नाही, ही सुरक्षिततेची खूण मानता येत नाही. एका पत्र्याची उघडी नळी लाकडापासून किमान १८ इंच दूर ठेवावी. छपरातून जाणारा भाग दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक थर असलेलाच घ्यावा आणि त्याच्याभोवती निर्मात्याने सांगितलेले मोकळे अंतर सोडावे. ती फट कापूस, चिंध्या किंवा फोमने भरू नये. बंद लोखंडी चुलीपासून लाकडी कपाट, चौकट वा पडदा ३६ इंचांच्या आत नको. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) उघडी भिंत पाठीशी असली तर ती जळत नाही, ही आपल्या बांधकामाची मोठी सोय आहे. पण चुलीवरच्या माळ्यावर सोडणे आणि लाकडे सुकत घालण्याची जुनी पद्धत नव्या चुलीसोबत सोडावीच लागेल.

नळीच्या धातूवर पैसे वाचवू नयेत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चुलीलगत तापला की मुलामा खराब होतो आणि त्याचा धूर आरोग्याला घातक असतो. साधे लोखंड समुद्राकडच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते. त्यामुळे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे, आणि किनाऱ्यालगत घर असेल तर ३१६ प्रतीचे.

चूल कितीही नीट बसवली, तरी ओल्या लाकडाने ती धोक्याची होते. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या खाली हवे. म्हणून पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, सामानाबरोबर लाकडेही मे महिन्यापूर्वीच फोडून, जमिनीपासून उचलून, छपराखाली रचलेली असावीत. ओल्या लाकडाचा थंड धूर नळीच्या आत डांबरासारखा चिकटतो आणि तो थर पुढे स्वतःच पेटू शकतो. थर ३ मिलिमीटर जाड झाला की नळी ब्रशने साफ करावी. मृगापूर्वी एकदा आणि चवथीपूर्वी एकदा तपासणी करावी. नळीतून घोंघावल्यासारखा आवाज आला, तर आतला थर पेटला असे समजून चुलीचे दार व हवेची झडप बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा. तापलेल्या नळीवर पाणी मुळीच ओतू नये, ती वाकू किंवा तडकू शकते.

शेवटचा मुद्दा न दिसणाऱ्या वायूचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ज्वाळा विझून नुसते निखारे उरले, धूर थांबला, तरी हा वायू निघतच असतो. पाऊस आत येतो म्हणून खिडकी लावून घेतलेल्या न्हाणीत किंवा स्वयंपाकघरात तो साचतो. बाहेरची हवा आत येणारा झरोका कायम उघडा असावा. त्याच खोलीत विजेवरचा एक्झॉस्ट पंखा असेल, तर चूल पेटलेली असताना तो लावू नये, कारण तो धुराड्यातला धूर उलटा खाली ओढू शकतो. या वायूची सूचना देणारा बॅटरीवरचा अलार्म मिळतो, तो झोपण्याच्या खोलीजवळ लावावा. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, चक्कर आली, तर ते पित्त समजून औषध घेत बसू नये. सर्वांना आधी मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ ला फोन करून घरात चूल पेटलेली होती हे स्पष्ट सांगावे.